अर्ध्या पानावर काळा कागद

केगावच्या माळावर, एप्रिलात,
जाळीच्या छपराखाली चव्वेचाळीस अंश.
इरण्णा बिराजदार पाण्याचा पाइप धरून उभा,
आणि मी एकेका पानाच्या अर्ध्या अंगाला
काळा कागद लावते केसांच्या चापांनी,
साखर पेठेतून डझनावारी आणलेल्या.

तंबाखूची ही जात विड्यांच्या कामाची नाही.
हिला लावलंय फक्त आजारी पडायला.

विषाणूचा गाभा, तो नुसता धागा,
मी आधीच दिव्याखाली धरला होता,
जांभळ्याच्याही पलीकडच्या उजेडात, नव्वद सेकंद.
त्यानं काय होतं, ते म्हेत्रे मॅडमनी फळ्यावर काढलं:
शेजारशेजारची दोन अक्षरं
एकमेकांना चिकटतात,
वाचत आलेलं तिथंच अडतं.

मला फळा लागला नाही.
खळ जास्त झालेल्या ताण्यावर नायना असेच वाकायचे.
दोन धागे एक झालेले, फणीपाशी गुंता,
माग थांबलेला, मालक घड्याळाकडे बघतोय,
आणि नायना करंगळीच्या नखानं
फुंकर घालत, न तोडता
धाग्यापासून धागा सोडवायचे.
त्यासाठीच वाढवलेलं ते नख.
चादर कुणाच्या अंगावर जाणार
हे त्यानं कधी विचारलं नाही.

पानातही आहे असलं एक नख.
अंधारात ते पडून असतं.
निळा उजेड मिळाला की कामाला लागतं,
चिकटलेली अक्षरं सुटी करतं,
स्वतःची,
आणि भिंत फोडून आत आलेल्याचीसुद्धा.

चौथ्या दिवशी मोजणी.
कागदाखाली अकरा ठिपके.
उघड्या अर्ध्यावर सदतीस.
इरण्णा वाकून बघत राहिला.
"म्हंजे ऊन खाऊन बरा झाला की तो."
तो कोण?
"रोग हो मॅडम. पान न्हवं."

ठिपका म्हणजे पानानं स्वतःच मारलेलं
स्वतःचं मांस, रोगाला कुंपण म्हणून.
आधी दुरुस्त करायचं,
मग त्याच्यासकट जळायचं.
हे मी वहीत लिहिलं नाही. वहीत आकडे असतात.

पण एक पान वेगळं होतं.
त्याला नुसतं पाणी चोळलं होतं, माझ्याच बोटानं.
त्यावर काही यायला नको होतं.
तीन आले.
दोन उघड्यावर, एक कागदाखाली.
उजेडाची गरजच नव्हती त्यांना,
ते कुठंही भाजलेले नव्हते,
धडधाकट चालत आले होते.

कुठून, ते मला कळलं.
अम्मा रोज हजार विड्या वळते,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, कात्री, जर्दा.
धूळ उशीत असते, पिठाच्या डब्यावर असते,
माझ्या ओढणीच्या काठात असते.
मी साबणानं तीनदा हात धुते,
मॅडमच्या सांगण्यावरून दुधातही बुडवते.
वाळलेल्या तंबाखूत तो वर्षानुवर्षं झोपतो म्हणतात.
माझ्या नखाखाली बसून
केगावपर्यंत आला असेल, दहा रुपयांच्या तिकिटावर.

मी वहीत लिहिलं: पाणी, तीन. उगम, घर.
मॅडमनी 'घर' खोडून लाल शाईनं 'दूषण' केलं
आणि सगळे ट्रे पुन्हा लावायला सांगितले.
बरोबरच होतं त्यांचं.
मी लावले.

रात्री अम्मानं मान वर न करता विचारलं,
"चेट्टु बागुंदा?"
झाड बरं आहे, म्हटलं.
अर्धं बरं म्हणजे काय, ते तेलुगूत सांगता येईना,
मराठीतही आलं नसतं.

तेवढ्यात वीज गेली.
माग कधीच भंगारात गेलेत,
नायना आता एका गोदामावर राखणीला असतात,
पण नख अजून आहे.
अंधारात मला ऐकू आलं:
रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी,
नखाची टोक,
पन्नी फाटल्याचा बारीक आवाज.
एक गोळी, न तुटता, बाहेर.